चेंडू आधी काट्यावर ठेवा, मग मुलींच्या हातात द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या बालपुरवणीत मागच्या आठवड्यात ‘कोणत्या खेळाचा चेंडू केवढा?’ असा रंगीत तक्ता आला होता. माझी नात ओवी हिनं तो कापून कपाटाच्या दारावर चिकटवला आणि संध्याकाळी मला विचारलं, "आजोबा, क्रिकेटचा बॉल बावीस सेंटिमीटर रुंद असतो?" म्हटलं, बघू दे. तीन रकाने होते: खेळ, व्यास, वजन. क्रिकेटपुढं व्यास २२.९ सेमी. फुटबॉलपुढं ७० सेमी. टेबल टेनिसपुढं ४ सेमी.

सत्तर सेंटिमीटर व्यासाचा फुटबॉल आमच्या पुढच्या दारातून आत येईल, पण न्हाणीघराच्या दारात अडकेल. मी टेप लावून बघितलं.

आकडे बरोबर आहेत, रकान्याचं नाव चुकलंय. २२.९ हा क्रिकेटच्या चेंडूचा परीघ, म्हणजे चेंडूच्या पोटावरून दोरा फिरवून मोजलेली लांबी. तिला ३.१४ नं भागलं की व्यास निघतो, ७.३ सेमी. फुटबॉलचा परीघ ६८ ते ७० सेमी, त्याचा व्यास साधारण २२. म्हणजे आपल्या तक्त्यानं क्रिकेटचा चेंडू फुटबॉलएवढा केला आणि फुटबॉल धान्याच्या पिंपाएवढा. टेबल टेनिसपुढचा ४ मात्र खरोखरच व्यास आहे, गोल्फचा ४.२७ आणि टेनिसचा ६.७ हेही व्यासच. एकाच रकान्यात दोन मापं आल्यामुळं पोरांना वाटणार, क्रिकेटचा चेंडू टेबल टेनिसच्या चेंडूच्या जवळजवळ सहापट रुंद असतो. तो दुप्पटही नसतो.

यात आपल्या माणसाचा फारसा दोष नाही. नियमपुस्तकंच अशी आहेत. क्रिकेट, हॉकी, फुटबॉल, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल आणि हँडबॉल यांचे नियम परीघ सांगतात. टेनिस, टेबल टेनिस, स्क्वॉश, गोल्फ आणि स्नूकर यांचे नियम व्यास. माझा अंदाज असा की मोठ्या आणि शिवलेल्या चेंडूंना फीत सोयीची पडली असावी आणि लहान चेंडूंना गोल भोकाचा साचा. पण तक्ता करणाऱ्यानं सगळी मापं एका भाषेत आणायला हवी होती.

एवढंच सांगायचं असतं तर मी चार ओळींचं कार्ड टाकलं असतं. पण या तक्त्यावरून मी गेले दहा दिवस चेंडू मोजत बसलो आहे, आणि त्यातून निघालेली गोष्ट छापायला हवी अशी आहे.

आधी माझी ओळख. मी वजने व मापे खात्यात निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं नोकरी केली. खात्याला आता वैधमापन शास्त्र असं भारदस्त नाव आहे, पण बाजारात आम्हाला ‘काटेवाले साहेब’च म्हणत. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याच्या दिवसांत आमची धावपळ असे. ओतीव लोखंडाच्या वजनाला खाली एक भोक असतं, त्यात शिसं ओतलेलं असतं आणि त्या शिशावर आम्ही सरकारी मुद्रा उठवायचो. एका बहाद्दरानं ते शिसं खरवडून वर मेण भरलं होतं आणि मेणावर मुद्रेसारखं काहीतरी उठवलं होतं. दिसायला किलो, काट्यावर नऊशे चाळीस ग्रॅम. तेव्हापासून नुसतं बघून कशाचंही वजन खरं मानायची माझी सवय गेली. आमच्या सौ. म्हणतात, ती सवय लग्नाच्या आधीच गेली होती.

आता ओवीबद्दल. ती अकरा वर्षांची आहे. स्मृती मानधना आमच्या सांगलीत, माधवनगरात लहानाची मोठी झाली, त्यामुळं इथं मुलींच्या हातात बॅट दिसणं आता नवलाचं नाही. त्यात २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला आणि दुसऱ्याच आठवड्यात ओवीच्या सरावाला पोरींची संख्या दुप्पट झाली. चांगलंच झालं. गेल्या महिन्यात बारा वर्षांखालच्या मुलींची एक स्पर्धा झाली. कुणी भरवली, कुठं भरवली हे सांगत नाही, कारण जे तिथं झालं ते मी आणखी चार मैदानांवर बघितलं आहे. ओवी पॉइंटला उभी होती. चेंडू सरळ हातात आला, सुटला, आणि डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं पेर सुजून वांग्यासारखं झालं. एक्स-रेत बारीक चीर दिसली. तीन आठवडे पट्टी.

बोट मोडणं हा खेळाचा भाग आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. मी लहानपणी कॉर्कच्या बॉलनं दोन दात घालवले आहेत. पण सामना संपल्यावर मी तो चेंडू मागून घेतला. हातात घेताच तो मला त्या पोरींच्या मानानं जड वाटला. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सराफाकडं गेलो. त्याचा काटा मुद्रांकित आहे, दरवर्षी तपासून घेतो, आणि मी समोर उभा राहिलो की तो आजही उगाचच काच पुसतो. चेंडू भरला १६१ ग्रॅम.

आता नियम काय म्हणतो बघा. क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या लंडनच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या, म्हणजे एमसीसीच्या, २०१७ च्या नियमावलीत ४ क्रमांकाचा नियम चेंडूचा आहे. पुरुषांचा चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅम, परीघ २२.४ ते २२.९ सेमी. महिलांचा १४० ते १५१ ग्रॅम, परीघ २१ ते २२.५ सेमी. आणि तेरा वर्षांखालच्या मुलामुलींचा १३३ ते १४४ ग्रॅम, परीघ २०.५ ते २२ सेमी. म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या त्या पोरी जसप्रीत बुमराहच्या वजनाचा चेंडू झेलत होत्या. त्यांच्यासाठी नियमात वेगळा चेंडू आहे, हे संयोजकांना ठाऊक नव्हतं. पंचांनाही नव्हतं. त्यांच्यातले एक मला म्हणाले, "काका, सीझन बॉल म्हणजे सीझन बॉल. त्यात बायकांचा आणि पोरांचा वेगळा असतो होय?"

असतो. वीस-पंचवीस ग्रॅमनं काय फरक पडतो असं कुणाला वाटेल, त्यांनी पाच रुपयांची चार पितळी नाणी मुठीत धरून बघावीत. एक नाणं ६ ग्रॅमचं, चार नाणी २४. तेवढं ओझं प्रत्येक चेंडूला, प्रत्येक झेलाला जास्त. आणि वजनापेक्षा आकार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. परीघावरून व्यास काढला तर पुरुषांचा चेंडू ७.१ ते ७.३ सेमी आणि लहान मुलांचा ६.५ ते ७ सेमी. ओवीची बोटं त्या मोठ्या चेंडूवर नीट पोचत नाहीत. ती शिवणीवर दोन बोटं ठेवते, अंगठा खाली घालते आणि चेंडू हातातून निसटतो तो थेट लेग साइडला. तिचे प्रशिक्षक म्हणायचे, मनगट वळतंय. एका सरावाला मी हलका चेंडू दिला, तेव्हा मनगट आपोआप सरळ झालं. प्रशिक्षकांनी ते श्रेय स्वतःकडं घेतलं, ते जाऊ द्या.

मग मला नाद लागला. शहरातल्या तीन दुकानांतून पाच सीझन बॉल आणले, सगळे ‘फुल साइज’ म्हणून विकलेले. सराफाकडं वजन केलं: १५८, १६४, १४७, १७१, १६०. यातल्या दोघांवर सोनेरी अक्षरांत १५६ ग्रॅम छापलेलं होतं, त्यातला एक १६४ आणि दुसरा तो १७१. माझ्या नोकरीत एखाद्याचं किलोचं वजन या हिशेबानं चुकलं असतं तर मी ते तिथंच जप्त केलं असतं. गंमत म्हणजे पाचातला जो सगळ्यात स्वस्त, १४७ चा, तो दुकानदाराला हलका माल वाटत होता, आणि महिलांच्या क्रिकेटला तो बरोबर चालला असता. या दुकानदारांवर मी रागावू शकत नाही, कारण आमच्याच खात्याचा नियम त्यांच्या बाजूनं आहे. बिस्किटाच्या पुड्यावर निव्वळ वजन ग्रॅममध्ये छापावं लागतं. चेंडू मात्र नगावर विकतात, त्यामुळं डबीवर ‘१ नग’ लिहिलं की कायदा संपला. मी स्वतः कित्येक वर्षं अशा डब्या बघून पुढं गेलो आहे.

हा १५५.९ आकडा असा तिरका का, असं ओवीनं विचारलं. तो साडेपाच औंसाचा हिशेब आहे. पावणेसहा औंस म्हणजे १६३ ग्रॅम. क्रिकेटचा चेंडू साडेपाच ते पावणेसहा औंसांचा असावा हे इंग्लंडमध्ये १७७४ च्या नियमांत लिहिलं गेलं. त्याच वर्षी इकडं पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. पेशवाई गेली, कंपनी सरकार गेलं, राणीचं राज्य गेलं, १९५८ साली आपल्याकडं शेर-तोळे जाऊन किलो-ग्रॅम आले, आणि तो चेंडू होता तेवढाच राहिला. परीघ मात्र मधे एकदा बदलला, १९२७ साली थोडा कमी केला. वजनाला कुणी हात लावला नाही. बॅटी जाड झाल्या, हेल्मेटं आली, दिव्यांच्या उजेडात सामने सुरू झाले, पण पावणेसहा औंस ते पावणेसहा औंसच.

हॉकीचा चेंडू बघितलात तर तो १५६ ते १६३ ग्रॅमचा आहे. हा योगायोग नाही. लंडनजवळच्या टेडिंग्टनला क्रिकेट क्लबातल्याच लोकांनी हिवाळ्यात हॉकी खेळायला घेतली, तेव्हा हाताशी क्रिकेटचाच चेंडू होता. आज त्यावर शिवण नाही, चामडं नाही, पण वजन तेच घेऊन तो फिरतो आहे. दोन खेळांची आत्या एकच. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे आपल्या महिलांच्या क्रिकेट चेंडूच्या मापात अगदी मधोमध बसणारा. अमेरिकेतले धिप्पाड गडी ज्या वजनाचा चेंडू फेकतात त्याच वजनाचा चेंडू स्मृती सीमापार करते, हे ऐकून ओवी इतकी खूश झाली की तिनं ते शाळेत जाऊन सांगितलं.

चेंडू गोळा करायचा नाद वाढला तसं घर भरलं. एका मित्राचा भाचा पुण्यात गोल्फच्या मैदानावर कामाला आहे, त्यानं जुने चार चेंडू दिले. शेजारच्या मुलानं स्क्वॉशचा, दोन पिवळ्या ठिपक्यांचा. तो गार असताना उसळतच नाही, हातात चोळून आणि भिंतीवर हाणून गरम करावा लागतो. स्नूकरचा चेंडू क्लबवाल्यांनी बाहेर न्यायला दिला नाही, तिथंच छोट्या काट्यावर ठेवू दिला: १४२ ग्रॅम. व्यास फक्त ५.२५ सेमी. क्रिकेटच्या चेंडूपुढं तो लिंबाएवढा दिसतो आणि वजनात महिलांच्या चेंडूची बरोबरी करतो. (स्नूकर हा खेळ १८७५ साली जबलपुरात, पलटणीच्या मेसमध्ये जन्माला आला. सायबानं आपल्याकडं येऊन शोधलेल्या मोजक्या कामाच्या गोष्टींपैकी एक.)

मग मी न्हाणीघरातली मोठी बादली भरली. तासगाव तालुक्यात आमच्या गावी विहिरीजवळ आम्ही खेळायचो आणि चेंडू विहिरीत गेला की पोहरा सोडून वर काढायचो. तो बुडाल्याचं आठवत नव्हतं, म्हणून खात्री करायची होती. चामड्याचा चेंडू तरंगला, पण जेमतेम. चार-पाच हिस्से पाण्याखाली आणि एक वर, असा म्हशीसारखा. टेनिसचा चेंडू बदकासारखा वर. स्क्वॉशचा तरंगला. गोल्फचा सरळ तळाला गेला आणि बादलीच्या बुडावर असा आपटला की सौ. धावत आल्या. हिशेब सोपा आहे: क्रिकेटचा चेंडू जेवढी जागा व्यापतो तेवढ्या पाण्याचं वजन साधारण १९५ ग्रॅम, आणि चेंडू १६० चा. गोल्फचा चेंडू व्यापतो ४१ ग्रॅम पाण्याएवढी जागा आणि वजन त्याहून जास्त. कृष्णाचा यमुनेत पडलेला चेंडू चिंध्यांचा होता की लाकडाचा, यावर सौ.शी माझा वाद झाला. तो तरंगत असता तर डोहात उडी मारायची वेळच आली नसती, असं माझं म्हणणं. त्या म्हणाल्या, देवाला कालिया पाहिजे होता, चेंडू नव्हे. तिथं माझं माप संपलं.

चामड्याचा चेंडू मी रात्रभर बादलीतच ठेवला. सकाळी पुसून काट्यावर ठेवला तर १२ ग्रॅमनं वाढला होता. पावसाच्या सरीत किंवा पहाटेच्या दवात सराव घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

सगळ्यात मजा आली ती टेबल टेनिसच्या चेंडूनं. तो पूर्वी ३८ मिलिमीटरचा आणि २.५ ग्रॅमचा असे. सिडनी ऑलिंपिकनंतर, २००० साली तो ४० मिलिमीटरचा आणि २.७ ग्रॅमचा केला. चेंडूला हवेचा अडथळा जास्त व्हावा, वेग थोडा उतरावा आणि टीव्हीवर लोकांना तो दिसावा, हा हेतू होता. २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिक आलं, त्यामुळं चेपलेला चेंडू गरम पाण्यात टाकून फुगवण्याचा आमचा जुना उपाय आता पहिल्यासारखा चालत नाही. असे दोन चेंडू एका पारड्यात आणि पाच रुपयांचं एकच नाणं दुसऱ्यात ठेवलं, तर नाणं खाली जातं.

आता या ४० मिलिमीटरला सहानं गुणा. २४ सेंटिमीटर होतात, म्हणजे जवळपास पुरुषांच्या बास्केटबॉलचा व्यास. व्यास सहापट झाला की आकारमान सहाच्या घनानं, म्हणजे २१६ पटीनं वाढतं. २.७ ग्रॅमला २१६ नं गुणा: ५८३ ग्रॅम. बास्केटबॉलचं वजन ५८० ते ६२० ग्रॅम. बरोबर मापात बसतो! म्हणजे टेबल टेनिसचा चेंडू सहापट फुगवला तर त्याचा बास्केटबॉल होतो आणि काट्यावरही तो पास होतो. एक पातळ प्लास्टिकचा, दुसरा जाड रबराचा, खेळांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी हवेसकट घनता दोघांची सारखी, दर घनसेंटिमीटरला ०.०८ ग्रॅम. फुटबॉलचीही जवळजवळ तीच. व्हॉलीबॉल मात्र या भावंडांत हलका. परीघ ६५ ते ६७ सेमी, म्हणजे फुटबॉलपेक्षा थोडासाच लहान, पण वजन २६० ते २८० ग्रॅम, जिथं फुटबॉल ४१० ते ४५० ला जातो. फुटबॉलच्या वजनाचा चेंडू दिवसभर मनगटावर घ्यायचा असता तर व्हॉलीबॉलला खेळाडू मिळाले नसते. हे २१६ चं गणित मी त्या रात्री साडेअकराला केलं आणि कुणाला सांगू हे कळेना, म्हणून आपल्याला सांगतो आहे.

फुटबॉलच्या नादात आणखी एक प्रयोग झाला. चपटा फुटबॉल आणि पंपानं टणक भरलेला तोच फुटबॉल, यांत पाच ग्रॅमचा फरक आला. आमच्या गल्लीतल्या पोरांचा हवेला वजन असतं यावर विश्वास नव्हता. आता बसला. आता ते पंप घेऊन माझ्याकडं येतात आणि काटा परत मागतात.

परंतु निरीक्षक म्हणून मला खरा आनंद दिला तो गोळाफेकीच्या आणि गोल्फच्या नियमांनी. क्रिकेटच्या चेंडूला खालची आणि वरची अशा दोन्ही हद्दी आहेत. गोल्फला वजनाची फक्त वरची: ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, कमी कितीही चालेल. आणि व्यासाची फक्त खालची: ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान नको. कारण लहान आणि जड चेंडू हवा कापत लांब जातो, लबाडी तिकडूनच होणार. गोळाफेकीत उलट. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोपेक्षा कमी नको, जास्त असेल तर तुमचं नशीब. हलका गोळा लांब जातो, तेव्हा पहारा खालच्या बाजूला. लबाडी कुठल्या दारानं येते ते ओळखून त्याच दाराला कुलूप लावलं आहे. असा नियम ज्यानं लिहिला तो माणूस आमच्या खात्यात शोभला असता.

आणि गोळाफेकीत मोठ्या स्पर्धेच्या आधी गोळा खरोखरच काट्यावर चढतो, मापात असेल तरच मैदानात येतो. वयाप्रमाणं वजनं ठरलेली आहेत: महिलांना ४ किलो, वीस वर्षांखालच्या मुलांना ६, अठरा वर्षांखालच्या मुलांना ५ आणि मुलींना ३. आमच्या जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणलं, तेव्हा त्याच्या हातातला गोळा तपासलेला होता याबद्दल कुणाला शंका नव्हती. अकरा वर्षांच्या पोरीला ७.२६ किलोचा गोळा कुणी देत नाही. दिला तर आई-बाप भांडायला येतील. क्रिकेटमध्ये तेच घडतं आणि आपण टाळ्या वाजवतो, कारण फरक किलोत नाही, ग्रॅममध्ये आहे आणि डोळ्याला दिसत नाही.

प्रत्येक खेळात मुलींना वेगळा चेंडू हवाच असं माझं म्हणणं नाही. टेनिस, हॉकी आणि फुटबॉलमध्ये मोठ्या माणसांचा चेंडू दोघांना एकच आहे. व्हॉलीबॉलमध्येही चेंडू तोच, जाळी मात्र पुरुषांना २.४३ मीटर आणि महिलांना २.२४. बास्केटबॉलमध्ये टोपलीचं कडं तेवढ्याच उंचीवर ठेवून महिलांचा चेंडू एक नंबर लहान केला. हँडबॉलमध्येही तसंच. प्रत्येक खेळानं आपापल्या परीनं विचार केलेला दिसतो. फुटबॉलवाले तर लहान मुलांना सर्रास ४ नंबर, ३ नंबर देतात आणि चेंडूवर तो आकडा ठळक छापलेला असतो. आमच्या गल्लीतला सहा वर्षांचा पोरगासुद्धा सांगतो, "माझा तीन नंबरचा आहे." क्रिकेटचा चेंडू तेवढा लाल, गोल आणि मुका.

म्हणून आपल्या पत्राद्वारे सांगली, मिरज आणि आसपासच्या सगळ्या संयोजकांना माझी विनंती आहे. स्पर्धेच्या माहितीपत्रकात प्रवेश शुल्क, बक्षिसाची रक्कम आणि पाहुण्यांची नावं छापता, त्यात एक ओळ चेंडूची घाला: वजन इतकं ते इतकं. नाणेफेकीच्या टेबलावर एक छोटा काटा ठेवा. स्वयंपाकघरातला पाचशे-सहाशे रुपयांचा काटा ग्रॅम दाखवतो. व्यापाराला तो चालणार नाही, पण पंचांना पुरेल. आधी त्यावर पाच रुपयांची तीच पितळी दहा नाणी ठेवून साठ ग्रॅम दाखवतो का ते बघा, दाखवला तर विश्वास ठेवा. परीघासाठी शिंप्याची फीत पुरे. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी मला बोलवा. मी फुकट येतो, चहा घेतो, साखर कमी.

दुकानदारांनी पुरुषांचा, महिलांचा आणि लहान मुलांचा असे तीन डबे वेगळे ठेवावेत. तिन्ही चेंडू बाजारात मिळतात, मागवले की चार दिवसांत येतात. मी मागवले आहेत.

आणि आपल्याला विनंती ही की बालपुरवणीत दुरुस्ती छापावी, रकान्याचं नाव ‘परीघ’ करून नव्हे, तर सगळ्यांचा व्यास काढून. सोबत माझ्या हस्ताक्षरात आकडे पाठवत आहे. क्रिकेटपुढं तीन ओळी केल्या आहेत. जागा कमी पडली तर गोल्फ काढा, तीन ओळी राहू द्या.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त निरीक्षक (वजने व मापे),
विश्रामबाग, सांगली

ता. क. ओवीची पट्टी सुटली. बोट अजून पूर्ण वळत नाही, पण काल तिनं १३८ ग्रॅमच्या चेंडूनं अंगणात बारा झेल घेतले आणि तेरावा सौ.च्या तुळशीत घातला. तिचं खरं नाव पत्रात घालायचं नाही असं तिनं बजावलं होतं. ते पाळलं आहे.